दीर्घकाळच्या खोकल्यात दम्याचे निदान नेमके कशावरून होते?

उत्तरा_पुणे :

जुलैअखेरच्या सर्दी-तापाच्या साथीत मला खोकला लागला. सर्दी आणि ताप आठवड्याभरात गेले. खोकला मात्र दिवाळी उलटून गेली तरी हटलेला नाही. ढास कोरडी आहे, बेडका पडत नाही. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास उबळ येऊन जाग येते आणि दिवसा वर्गात सलग शिकवताना, मोठ्याने हसताना किंवा फोडणीचा खाट बसला की ठसका लागतो. धाप लागत नाही, छातीतून आवाज येत नाही, जिने चढताना त्रास होत नाही. वय ४६, धूम्रपान कधीच केलेले नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. लहानपणी मला इसब होता आणि आईला दमा होता, हेही नोंदवून ठेवते.

आमच्या भागातील एका डॉक्टरांनी छाती तपासून ‘ॲलर्जीचा दमा’ असे सांगितले आणि सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप, खोकल्याचे औषध, सर्दीची गोळी व पित्ताची गोळी हे सारे एकदम सुरू केले. एक्स-रे काढला नाही, फुंकण्याची चाचणी केली नाही. आता थोडा फरक वाटतो, पण तो या चारांपैकी कशाने पडला हे कळायला मार्ग नाही. उपचाराबद्दल माझी तक्रार नाही. मला निदानाविषयी विचारायचे आहे. धाप नसताना नुसत्या खोकल्यावरून प्रौढ वयात दमा आहे असे म्हणता येते का, आणि म्हणायचे असेल तर पुरावा कोणता लागतो?

फुप्फुसपुराण :

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे; औषधे बंद-चालू करण्याचा निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. खोकला हे एकमेव लक्षण असलेला दमा असतो. १९७९ साली अमेरिकेतील कोराव, ब्रेमन आणि अर्विन या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांना धाप नव्हती, घरघर नव्हती, साधी स्पायरोमेट्रीही (फुंकण्याची चाचणी) जवळपास सामान्य होती. परंतु त्यांच्या श्वासनलिका उत्तेजक औषधाला वाजवीपेक्षा जास्त आकसत होत्या आणि दम्याच्या औषधांनी खोकला थांबला. या प्रकाराला आज खोकलारूपी दमा म्हणून सर्वत्र मान्यता आहे आणि त्यातील काही रुग्णांना पुढे धाप व घरघरही सुरू होते.

पण असा दमा असतो, याचा अर्थ तुम्हाला तोच आहे असा होत नाही. प्रौढांमध्ये खोकला ८ आठवड्यांपलीकडे गेला की आम्ही त्याला दीर्घकालीन म्हणतो. ३ ते ८ आठवड्यांचा खोकला बहुधा विषाणूंच्या संसर्गाची शेपटी असते आणि आपोआप ओसरतो. म्हणूनच ‘पंप दिला आणि बरे वाटले, तेव्हा दमाच’ हा युक्तिवाद पाचव्या आठवड्यात अगदीच लंगडा ठरतो. तुमची मुदत त्यापुढे गेली आहे, त्यामुळे शोध घेणे योग्यच आहे.

दम्याकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी उरकून घ्याव्यात. छातीचा एक्स-रे हवाच. आपल्या देशात दोन आठवड्यांहून अधिक खोकला म्हणजे क्षयाची तपासणी, हा क्षयरोग कार्यक्रमाचा जुना नियम आहे आणि तो पाळायला लाज वाटण्याचे कारण नाही. सरकारी केंद्रांत बेडक्याची तपासणी मोफत होते आणि गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट यंत्र आता पुष्कळ ठिकाणी आहे. तिसरी गोष्ट रक्तदाबाच्या गोळीची. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातील औषधांनी अशीच कोरडी, घशात खवखवणारी ढास लागते, कधी कधी औषध सुरू करून कित्येक महिने झाल्यावरही, आणि गोळी बदलल्यावर ती जायला साधारण महिनाभर, क्वचित तीन महिनेही लागतात. तुमचे टेल्मिसार्टन त्या गटातले नाही, तेव्हा ती वाट बंद झाली.

आता पुरावा. दम्यात श्वासनलिकांचा व्यास स्थिर राहत नाही. पहाटे आकसतो, दुपारी मोकळा होतो, धुराने, थंड हवेने किंवा हसण्याने पुन्हा आकसतो आणि औषधाने पुन्हा उघडतो. हा चढउतार कागदावर दाखवता आला की निदान झाले. पहाटेची उबळ, हसण्याने लागणारा ठसका, लहानपणीचा इसब, आईचा दमा या तुमच्या हकिकतीतील खुणा दम्याची शक्यता वाढवतात. सिद्ध करत नाहीत. स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ ऐकू आली म्हणून दमा नाही असेही ठरत नाही, आणि छाती स्वच्छ असताना केवळ अंदाजाने दमा आहे असे लिहून देणे तर त्याहूनही कच्चे काम आहे.

लेस्टरकर :

मी इंग्लंडमध्ये एका सामान्य चिकित्सकाच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करते. येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये नाइस, ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी आणि साइन या तिन्ही संस्थांची एकत्रित मार्गदर्शिका आली. त्याआधी नाइसची एक आणि उरलेल्या दोघांची दुसरी अशी निरनिराळी मते होती आणि आमचा फार गोंधळ उडत असे. नव्या क्रमानुसार, हकिकत दम्याची वाटली तर प्रौढांमध्ये आधी रक्तातील इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोजतात किंवा श्वासातील नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे ‘फेनो’, मोजतात. इओसिनोफिल प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेपेक्षा जास्त असतील किंवा फेनो ५० वा त्याहून अधिक असेल, तर तेवढ्यावर निदान करण्यास मुभा आहे. तसे नसेल तर पंप देऊन आधी-नंतरची स्पायरोमेट्री करतात. ती लवकर मिळणार नसेल तर दोन आठवडे रोज दोनदा पीक फ्लो, म्हणजे जोराने फुंकताना हवेचा सर्वाधिक वेग, मोजतात आणि त्यात २० टक्के चढउतार दिसला तर दमा मानतात. तरीही शंका राहिली तर उत्तेजक औषध हुंगवून करायची चाचणी असते.

उत्तराताईंना भारतात एवढ्या साध्या रक्तचाचणीने उत्तर मिळू शकेल असे मला वाटते.

सूक्ष्मदर्शी (नागपूर) :

मी रोगनिदान प्रयोगशाळा चालवतो, म्हणून या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबतो. लेस्टरमध्ये जो नियम ठीक आहे, तो नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. आमच्याकडे इओसिनोफिल वाढण्याची कारणे पैशाला पासरी आहेत. पोटातील जंत हे सर्वांत साधे कारण. खोकल्याच्या संदर्भात त्याहून महत्त्वाचे म्हणजे हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया. यात पाय सुजत नाही, म्हणून हत्तीरोग कुणाच्या मनातही येत नाही. क्युलेक्स डासाने चावून सोडलेल्या जंतूंची पिले फुप्फुसात अडकतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडते आणि रुग्णाला रात्री उबळी येतात, छातीत घरघर होते, वजन उतरते. चित्र हुबेहूब दम्याचे दिसते.

फरक आकड्यात असतो. दम्यात इओसिनोफिल सहसा काही शेकड्यांत असतात, फार तर हजारभर. या आजारात ते एका मायक्रोलिटरमागे ३,००० च्या वर जातात. रात्री काढलेल्या रक्ताच्या काचपट्टीत मात्र पिले सापडत नाहीत, त्यामुळे ‘पट्टी निगेटिव्ह’ हा दिलासा खोटा असतो. हत्तीरोगाच्या प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. डायइथिलकार्बामाझिनचा तीन आठवड्यांचा क्रम घेतला की बहुतेक रुग्ण सुधारतात. हेच रुग्ण दमा समजून वर्षानुवर्षे स्टिरॉइडवर राहिले तर फुप्फुसात कायमचे व्रण पडू शकतात.

आणखी एक विनंती. रक्त देण्यापूर्वी स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन झाले असेल तर आम्हाला सांगा. इओसिनोफिल त्याने झपाट्याने खाली येतात आणि मग आमचा कागद सामान्य दिसतो. अहवालात टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष संख्या मागून घ्यावी.

फुप्फुसपुराण :

सूक्ष्मदर्शींच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेतही हकिकत जुळत असेल तरच आकडा पाहायचा आहे. आकड्यावरून हकिकत रचायची नाही. फेनोचे यंत्र आपल्याकडे मोठ्या शहरांत मोजक्याच ठिकाणी आहे, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत तो आकडा खोटा कमी येतो तर नाकाच्या ॲलर्जीत दमा नसतानाही वाढतो. पुण्यात गाजरगवताच्या परागांनी वर्षानुवर्षे शिंकणारी माणसे काही कमी नाहीत.

फुंकर :

मी स्पायरोमेट्री तंत्रज्ञ आहे. या चाचणीचा अहवाल पुष्कळ जण पाहतात, ती कशी झाली हे फारसे कुणी विचारत नाही. आणि चाचणी बिघडते ती तिथेच. नाकाला चिमटा लावून, ओठ नळीभोवती घट्ट मिटून, पूर्ण छाती भरून श्वास घ्यायचा आणि क्षणाचाही विलंब न लावता झटक्यात सोडून सहा सेकंद किंवा त्याहून जास्त, फुप्फुस रिकामे होईपर्यंत फुंकत राहायचे. खोकल्याच्या रुग्णाची खरी अडचण अशी की पहिल्याच सेकंदात ढास लागते. आलेखावर ती करवतीच्या दात्यांसारखी उमटते आणि तो प्रयत्न बाद करावा लागतो. तीन चांगले प्रयत्न मिळाले आणि त्यांतील सर्वोत्तम दोनांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसला, तरच मी अहवाल पुढे पाठवतो.

त्यानंतर स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) साल्ब्युटामॉल या श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाचे चार दाब, म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, देतो आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि शिवाय किमान २०० मिलिलिटरने वाढली, तर श्वासनलिका उघडल्या असे धरतात. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. घाईच्या ठिकाणी हा दुसरा भाग गाळला जातो आणि रुग्णाच्या हाती अर्धीच चाचणी पडते. अहवालात ‘औषधानंतर’ असा रकाना भरलेला आहे की नाही, एवढे तरी पाहून घ्यावे.

पंचगंगाकाठ :

कामाच्या जागेबद्दल अजून कुणी विचारलेले दिसत नाही. आमच्या इचलकरंजीत सुताच्या धुळीत आयुष्य गेलेली माणसे घरोघरी आहेत. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळते आणि पुढे दिवसागणिक हलके वाटते, ही तक्रार जुन्या कामगारांकडून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझा चुलतभाऊ मोटारींना फवाऱ्याने रंग देण्याचे काम करतो. त्याचा खोकला गावी जत्रेला गेला की थांबतो आणि परतल्यावर पुन्हा सुरू होतो. याला दमा म्हणायचे की रंगाचा त्रास?

फुप्फुसपुराण :

दोन्ही खरे असू शकते. दोन घटकांच्या मोटाररंगात आयसोसायनेट असतात आणि ती व्यवसायजन्य दम्याची जगभर ठाऊक असलेली कारणे आहेत. बेकरीतील पीठ हे दुसरे. प्रौढपणी पहिल्यांदा दमा सुरू झालेल्या प्रत्येकाला ‘सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का, गावाला गेल्यावर बरे वाटते का’ हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. उत्तर ‘हो’ असेल तर पीक फ्लो दिवसातून चार वेळा, साधारण चार आठवडे, कामाच्या आणि सुट्टीच्या अशा दोन्ही दिवशी नोंदवावा. तुमच्या चुलतभावाने हे लवकर करावे, कारण संपर्क जितका लांबतो तितकी पूर्ण बरे होण्याची आशा कमी होते. सुताच्या धुळीचा जो त्रास तुम्ही सांगता तो बिसिनोसिस. तो दम्याहून वेगळा धरतात.

जाता जाता पारव्यांबद्दल. गॅलरीत घातलेल्या दाण्यांवर पारवे पोसले जात असतील, खोकल्याबरोबर चालताना दम लागत असेल आणि स्पायरोमेट्रीत फुप्फुसाची एकूण क्षमताच कमी दिसत असेल, तर पंप वाढवत बसण्यापेक्षा छातीचा सीटी स्कॅन करावा. तो पारव्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने फुप्फुसाला येणाऱ्या सुजेचा आजार असू शकतो, दमा नव्हे.

उत्तरा_पुणे :

सर्वांचे आभार. छातीच्या तज्ज्ञांकडे जाऊन आले. एक्स-रे स्वच्छ आहे. बेडका पडतच नव्हता, तेव्हा मिठाच्या पाण्याची वाफ देऊन नमुना घेतला. क्षयाची तपासणी निगेटिव्ह आली. इओसिनोफिल ५२० आहेत. स्पायरोमेट्री, औषधाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा सामान्य आली. म्हणजे दमा नाही असे समजायचे का?

फुप्फुसपुराण :

नाही. चाचणीच्या दिवशी सकाळी पंप घेतला होता का?

उत्तरा_पुणे :

घेतला होता. थांबवायला कुणी सांगितले नव्हते.

फुप्फुसपुराण :

मग त्या चाचणीने श्वासनलिका औषधाखाली मोकळ्या आहेत एवढेच सांगितले. आधी-नंतरचा फरक पाहायचा असेल तर साल्ब्युटामॉल निदान ४ तास, आणि तुमच्यासारखा दिवसातून दोनदा घ्यायचा जोडऔषधाचा पंप २४ तास बंद ठेवावा लागतो; दिवसातून एकदाच घ्यायचा असेल तर ३६ तास. त्यातील स्टिरॉइडचा परिणाम तर आठवडे टिकतो. म्हणूनच मी हट्टाने सांगतो की रुग्णाची प्रकृती सांभाळता येण्यासारखी असेल तर चाचणी आधी आणि पंप नंतर. माणूस धापा टाकत असेल तर अर्थातच उलट: आधी पंप, चाचणी सवडीने.

शिवाय दोन झटक्यांमधल्या काळात दम्याच्या रुग्णाची स्पायरोमेट्री सामान्य येणे हे नेहमीचेच आहे. सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेत फुंकलेल्या हवेला पहाटे तीनची हकिकत कशी ठाऊक असणार? तुमच्या डॉक्टरांची संमती असेल तर पंप काही काळ थांबवून घरी पीक फ्लो नोंदवा. मीटर काही शे रुपयांत मिळतो. उभे राहून, सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. रोजच्या मोठ्या आणि लहान आकड्यातील फरकाला त्या दोहोंच्या सरासरीने भागून टक्के काढायचे आणि दोन आठवड्यांची सरासरी घ्यायची. जागतिक दमा संघटना ‘जिना’ प्रौढांमध्ये १० टक्क्यांहून अधिक चढउतार असामान्य मानते, ब्रिटनची मर्यादा २० टक्के आहे. मधल्या आकड्यांबाबत हकिकतीकडे पाहून विवेकाने ठरवावे लागते.

निशिगंध :

एवढा खटाटोप कशाला? आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना आठवडाभर स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, खोकला थांबला, निदान झाले.

फुप्फुसपुराण :

खोकला थांबला, निदान झाले नाही. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दमा शमतो, नाकाची ॲलर्जी शमते आणि उष्णकटिबंधीय इओसिनोफिलियाही काही काळ दबतो. दम्याशिवाय होणारा इओसिनोफिलिक ब्राँकायटिस म्हणूनही एक आजार आहे, ज्यात बेडक्यात तशाच पेशी सापडतात, स्टिरॉइडने खोकला जातो, पण श्वासनलिका आकसत नाहीत. क्षय लपलेला असेल तर या गोळ्यांनी तो भडकू शकतो आणि मधुमेह्यांची साखर चढते, ते वेगळेच. स्टिरॉइडचा प्रयोग करायचाच तर ओढायच्या औषधाने, आधीचा पीक फ्लो नोंदवून, चार ते आठ आठवडे करावा. आणि फरक पडला नाही तर औषध वाढवण्याऐवजी निदानावर शंका घ्यावी.

अंदाजाने लावलेल्या लेबलाचे काय होते, याचा कॅनडात नीट अभ्यास झाला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या ६१३ प्रौढांची औषधे टप्प्याटप्प्याने कमी करून पुन्हा पुन्हा चाचण्या केल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत त्या घडीला दमा सापडला नाही. त्यांतील काहींचा दमा मधल्या काळात शमलाही असेल. परंतु सुरुवातीला फुंकण्याची चाचणी न झालेल्यांचे प्रमाण या गटात अधिक होते, आणि १२ जणांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा दुसराच गंभीर आजार दमा म्हणून सांगितला गेला होता. सासऱ्यांचे वय पाहता मी किमान एक्स-रे आणि पूर्ण स्पायरोमेट्री मागेन. ते सिगारेट ओढत असतील, बेडक्यातून रक्त पडत असेल, वजन उतरले असेल किंवा आवाज बसला असेल, तर थांबूच नका.

उत्तरा_पुणे :

डॉक्टरांच्या संमतीने पंप थांबवला होता. पहिले काही दिवस आकडे जवळजवळ सारखे होते, नंतर सकाळचे आकडे घसरू लागले. एका सोमवारी संध्याकाळी ४०० आणि सकाळी ३२०, म्हणजे २२ टक्के. शनिवारी घरात रंगकाम चालू असताना सकाळी २९०. दोन्ही आठवड्यांची सरासरी १९ टक्के येते. पहाटेची उबळ त्याच दिवसांत परतली. डॉक्टरांनी कागद पाहून दमा असल्याचे सांगितले आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप पुन्हा सुरू केला. बाकीची तिन्ही औषधे बंद केली आहेत.

फुप्फुसपुराण :

सरासरी ब्रिटनच्या मर्यादेला किंचित कमी आणि जिनाच्या मर्यादेच्या बरीच वर आहे. पण इसब, आईचा दमा, पहाटेची उबळ, ५२० इओसिनोफिल आणि औषध थांबवल्यावर घसरलेले सकाळचे आकडे हे सारे एकाच दिशेला बोट दाखवते. मीही हेच निदान केले असते आणि उत्तेजक औषधाच्या चाचणीपर्यंत गेलो नसतो. पीक फ्लोचा तो कागद फाइलमध्ये जपून ठेवा. दुसऱ्या गावी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘दमा कशावरून’ असे विचारले की तोच दाखवायचा आहे. पंप घेतल्यावर चूळ भरा आणि तीन महिन्यांनी स्पायरोमेट्री पुन्हा करून घ्या. औषध नीट घेऊनही खोकला उरला तर पंपाचा डोस वाढवण्यापूर्वी नाकाची आणि सायनसची तपासणी व्हावी.

आणि एक व्यवहाराची गोष्ट: अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉल किंवा काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब कुणी लिहून देऊ लागले तर दमा असल्याचे आधी सांगा. डोळ्यात घातलेल्या थेंबांनीही श्वासनलिका आकसतात आणि डोळ्यांच्या दवाखान्यात खोकल्याची चौकशी क्वचितच होते.